पाणी जोखताना

गोदीच्या तळाचं पाणी पंप वर ओढतो,
आठ अंशांचं, गढूळ, शिंपल्यांच्या वासाचं.
त्यातली असेल नसेल ती ऊब काढून घेतो
आणि गारठलेलं पाणी मर्सीला परत करतो,
उसनं आणलेलं भांडं
रिकामंच नेऊन द्यावं, तसं.

लिव्हरपूल आता शहाणं होतंय म्हणतात.
रस्त्यावर चिटपाखरू नसलं की
दिवे आपणहून डोळे बारीक करतात,
कचऱ्याच्या पेट्या भरल्या की निरोप धाडतात,
आणि जुन्या तंबाखूच्या वखारीत
दोनशे बारा बिऱ्हाडं या पाण्यावर शेकतात.
माझ्या पडद्यावर ती सगळी हिरवे ठिपके आहेत.
एक सोडून.

चौदा नंबर. लाल. जानेवारीपासून लाल.
‘उष्णतेचा अपव्यय. भेट द्या, समजावून सांगा.’

मी सोलापूरची.
आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी,
तेही रात्री दोनला, खोकत खोकत.
बाबा पिंपात काठी बुडवून
ओल कुठवर चढली ते बघायचे
आणि तेवढ्यावर घराचे पाच दिवस कापून द्यायचे,
शिंप्यासारखे.
पाणी जोखायला मी तिथे शिकले.
इथे पदवीची चौकशी झाली, काठीची नाही.

विनिफ्रेड गिलहूली, वय एक्याऐंशी.
हीटर पूर्ण चालू, खिडकी सताड उघडी,
मधोमध खुर्ची आणि खुर्चीत ती,
गुडघे हीटरकडे, कान खिडकीकडे.
मी आकडे सांगितले. तिने चहा टाकला.
म्हणाली, “माझ्या पणजीची आई याच धक्क्यावर उतरली.
तिकडे बटाटा शेतातच काळा पडला होता.
पाच मुलं घेऊन बोटीत चढली,
उतरताना चार,
आणि तापाच्या शेडमधून बाहेर पडली तेव्हा तीन.
आमच्या घरात या पाण्याचं नाव काढत नसत.
आता तेच माझे गुडघे शेकतंय.
शेकू दे. देणं लागतं.”

“पण खिडकी?”

“थांब,” म्हणाली. “ऐक.”
मला काही ऐकू आलं नाही. एक सीगल, एक बस.
मग खालून, लांबून,
ओल्या लाकडाचं कण्हणं.
भरती वळली होती, गोदीचं फाटक हललं होतं.

टेरेन्सने ते तेहेतीस वर्षं हाताने उघडलं.
आता ते संगणक उघडतो.
तिने उशाखालून त्याचं घड्याळ काढलं,
डोळ्यांजवळ नेलं, आणि जरा समाधानाने म्हणाली,
“सात मिनिटं उशीर. सांग तुझ्या माणसांना.”

परतीच्या बसमध्ये फॉर्म उघडला.
खिडकी नादुरुस्त. सेन्सर सदोष. भाडेकरू बेफिकीर. इतर.
‘इतर’ पुढे वीस अक्षरांची जागा.
लिहिलं: भरती ऐकतात.
दुसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं,
नुसतंच प्रश्नचिन्ह.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.
सात मिनिटांचं मात्र कळवलंय,
ते तपासतायत.

पुढच्या खेपेला तिला शेंगाचटणी नेली, छोट्या डब्यात.
चमचाभर तोंडात टाकून तिने नळ सोडला
आणि मला जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काल डबा परत आला. रखवालदाराकडे ठेवला होता,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून.
उघडायच्या आधी हलवून पाहिला,
जड होता.
आत दोन उकडलेले बटाटे, सालीसकट,
अजून कोमट.